भोंगा झाल्यानंतरचे गिरणगाव

नोकरी आणि खरेदी यांच्यापलीकडे आपल्यात आणखी काही आहे का, हा प्रश्न पोटापाण्याची चिंता मिटलेल्यांनाच पडतो, असे आपण आता जवळजवळ गृहीतच धरले आहे. चाळिशी उलटल्यावर गाण्याची शिकवणी लावणारा बँक अधिकारी, पैसे भरून शनिवार-रविवारच्या मातीकामाच्या वर्गाला जाणारी संगणक अभियंता, निवृत्तीनंतर हाती ब्रश घेणारे काका ही त्या प्रश्नाची ओळखीची रूपे. त्यामागचा तर्क साधा आहे. आधी पैसा, मग मोकळा वेळ, मग एकांत, आणि त्या एकांतात सापडणारा स्वतःचा गुण. मुंबईच्या गिरणगावाचा, म्हणजे कापड गिरण्यांभोवतीच्या कामगारवस्तीचा, शंभरेक वर्षांचा इतिहास पाहिला तर या साखळीतली एकही कडी जागेवर राहत नाही. तिथे पैसा नव्हता, एकांत तर औषधालाही नव्हता, आणि वेळ होता तो झगडून मिळवलेला. तरीही परळ, लालबाग, शिवडी, वरळी, नायगाव, डिलाईल रोड या पट्ट्यात साच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांतून भजनी बुवा, शाहीर, ढोलकीवाले, नट, कवी, पहिलवान आणि कबड्डीपटू पिढ्यान्‌पिढ्या निघत राहिले. हे कसे घडले आणि १९८२ च्या संपानंतर ते का आटले, ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की आजच्या छंदवर्गांच्या जाहिरातीत न सापडणारी गोष्ट दिसू लागते. कामातून सुटका झाली म्हणजे गुण उमलतो असे नाही. कामाला ठरलेली हद्द असावी लागते, उद्याच्या कामाची खात्री असावी लागते, आणि आपल्या गुणाची वाट पाहणारी, त्याची पारख करणारी ओळखीची माणसे असावी लागतात.

ही हद्द गिरणीबरोबर आली नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या दशकांत कोकणातून बोटीने आणि साताऱ्या-पुण्याकडून घाट उतरून आलेली माणसे गिरण्यांत भरती झाली. काम उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चाले आणि आठवड्याच्या सुटीची हमी नव्हती. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा भरवली. तिथे ठरलेल्या मागण्या आज वाचताना किती माफक वाटतात! रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या, आणि त्या वर्षीच्या १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केल्याचे सांगितले जाते. तो खरोखर तसाच केला असेल तर त्यात मोठी समज होती. नुसती पाठ टेकायला वेळ द्या, असे ते म्हणत नव्हते. माणसाला देव आहे, जागर आहे, आठवड्यात एक दिवस गिरणीखेरीज दुसऱ्या कुणाचे तरी व्हायचे आहे, हे त्या मागणीत गृहीत होते.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताची मर्यादा गेली. दिवसाला तेरा-चौदा तास काम पुन्हा रूढ झाले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये ती दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांवर आली, १९३४ मध्ये दहा आणि चोपन्नवर, १९४६ मध्ये नऊ आणि अठ्ठेचाळीसवर. या तारखांशेजारी गिरणगावाच्या कलेच्या तारखा मांडून पाहाव्यात. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. लालबागच्या गणेशगल्लीचा उत्सव १९२८ चा, ‘लालबागचा राजा’ १९३४ चा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. कामगार कल्याण निधीचा कायदा १९५३ चा, आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा त्यानंतरच्या. तासांची घट हे या सगळ्याचे एकमेव कारण आहे, असा दावा करणे उथळपणाचे होईल. वस्ती वाढत होती, राजकीय चळवळ जोर धरत होती, पगारही १८९० सारखे राहिले नव्हते. पण ज्या माणसाला गिरणी सुटल्याचा भोंगा कधी होणार हे ठाऊक नाही, तो तालमीला येण्याचा शब्द देऊ शकत नाही, आणि दहा जणांनी शब्द दिल्याशिवाय भजन उभे राहत नाही. एकट्याला वाचन किंवा चित्रकला वेळ मिळेल तशी करता येते. गिरणगावाच्या कला मात्र जवळजवळ सगळ्याच समूहाच्या होत्या, म्हणून त्यांना सर्वांचा एकच ठरलेला वेळ लागत होता.

जागेची गोष्ट आणखी उलटी आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. अनेक खोल्या एकेका गावाच्या असत. त्यांना गावकीच्या खोल्या म्हणत. एका गावचे वीस-वीस, तीस-तीस पुरुष भाडे वाटून घेत, पाळीप्रमाणे झोपत, जेवायला खानावळीत जात. सामान म्हणजे एक ट्रंक आणि वळकटी. आरोग्य अधिकाऱ्यांच्या आणि ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांच्यासारख्या अभ्यासकांच्या लेखी ही कोंडवाड्याची स्थिती होती, आणि ते खरेच होते. बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतल्या कामगारांच्या निवाऱ्यावरचे पुस्तक १९२५ मध्ये आले आणि त्यातली वर्णने आजही अस्वस्थ करतात. तरीही ज्या खोलीत एका गावचे तीस जण राहतात, तिथे एक मृदंग वाजवणारा, दोन गळे असलेले आणि एक पदे जुळवणारा सापडतोच, आणि मुख्य म्हणजे तो इतरांना आधीपासून ठाऊक असतो. खोलीत जागा नाही म्हणून तालीम चाळीच्या व्हरांड्यात, गच्चीवर किंवा दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत होई. म्हणजे ती आपोआप सगळ्यांसमोर होई. कुणाचा सूर घसरतो, कुणाला पाठांतर नाही, कोण नव्याने चमकतो आहे, हे प्रयोगाच्या आधीच अख्ख्या चाळीला कळलेले असे.

या कलांच्या रचनेतच गुण बाहेर काढण्याची सोय होती, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. कोकणातली जाखडी पाहा. पायात चाळ बांधून गोल फिरणारे नाचे, मधोमध ढोलकी घेऊन बसलेला शाहीर, आणि समोर दुसरी फळी. एक शक्तिवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. पहिल्याने पुराणातला एखादा अडचणीचा सवाल गाण्यात टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातच जवाब द्यायचा. गेल्या वर्षीचा सवाल यंदा चालत नाही, कारण जवाब सगळ्यांना माहीत झालेला असतो. म्हणून दरवर्षी नवे कवन हवे, आणि कवन करायचे तर पोथ्या वाचायला हव्यात, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून ऐकायला हव्यात. डबलबारी भजनातही तेच. एका बुवाने रूपाचा अभंग, गौळण, गजर मांडून बारी सोडली की दुसऱ्या बुवाला त्याच्या वरताण काहीतरी करून दाखवणे भाग. पेटीवरची चाल नवी हवी, आधीच्याच्या शब्दाला कोपरखळी हवी, आणि पखवाजवाल्याला आपला हात दाखवायला जागा हवी. समोर बसलेला प्रेक्षक हा स्वतः कुठल्या ना कुठल्या मंडळाचा टाळकरी. त्याला फसवता येत नाही. आपल्याकडे गुण आहे की नाही, हे स्वतःच्या मनाला विचारून कळत नाही. ते अशा जाणत्या आणि थोड्या निष्ठुर श्रोत्यांसमोर कळते. गिरणगावात आत्मशोध नावाची गोष्ट होती, तिला फक्त ते नाव नव्हते आणि ती एकट्याने करायची नव्हती.

इथे पहिला आक्षेप रास्त आहे. जाखडी, नमन, दशावतार, तमाशा, भारूड, भजन हे सगळे गावाकडून आले. मग मुंबईत नवे काय सापडले? माणसे आपली परंपराच तर बरोबर घेऊन आली होती. पण गावात कला जातीला आणि मानपानाला बांधलेली होती. पालखीपुढे कुणी नाचायचे, वाद्य कुणी वाजवायचे, तमाशाच्या बोर्डावर कुणी उभे राहायचे, हे जन्माने ठरलेले. मुंबईने ही गाठ तोडली नाही, पण सैल केली. साताऱ्याकडच्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले आणि नर्तकी पवळाबरोबर तमाशाच्या फडावर उभे राहिले. गावाला न पचलेली ही जोडी मुंबईच्या कामगार प्रेक्षकाने डोक्यावर घेतली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करत असताना, वयात आल्यावर अक्षर शिकले आणि आंबेडकरी चळवळीचे महाकवी झाले. गावात राहिले असते तर ते गायले नसते, असे म्हणता येणार नाही. मात्र अक्षर, चळवळ आणि हजारोंचा श्रोता या तिन्ही गोष्टी त्यांना शहराने दिल्या. शिवाय नाटकाचे वेड हे बरेचसे मुंबईचेच. गावच्या देवळासाठी, शाळेसाठी किंवा पाण्यासाठी निधी उभारायचा म्हणून ग्रामस्थ मंडळे दामोदर नाट्यगृहात नाटके लावत, लुगडे नेसून पुरुषच स्त्रीभूमिका करत, आणि गिरणीतला एखादा जॉबर, म्हणजे मुकादम, दिग्दर्शक होई. त्याच काळात मामा वरेरकर ‘धावता धोटा’ लिहून कामगाराला मध्यमवर्गीय वाचकापुढे आणत होते. कामगार मात्र कुणी आपल्याला मंचावर आणण्याची वाट पाहत थांबला नव्हता.

दामोदर नाट्यगृहाचा उल्लेख आला आहे तर सुधारकांबद्दलही बोलायला हवे, कारण या इतिहासाचे श्रेय त्यांना देण्याची पद्धत आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली आणि परळचे हे सभागृह उभे केले. कामगाराला दारूच्या गुत्त्यापासून आणि तमाशाच्या फडापासून दूर नेऊन निर्मळ करमणूक द्यावी, ही त्या काळच्या सुशिक्षित समाजसेवेची भावना होती. तिच्यात तळमळ होती, तसा वरचढपणाही होता. कामगारांनी सभागृह घेतले, वरचढपणा ठेवून दिला. तिथे त्यांनी नमन केले, दशावतार केला, फार्स केले, वगही केले. व्यवस्थापकांची नजर आणखी निराळी. शिमग्याला आणि गणपतीला गावी जाणारा कामगार हा त्यांच्या हिशेबी गैरहजर माणूस. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने मात्र कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते नियमित करावे, असे मत दिले. आयोगाला अर्थातच कवने आणि नाच यांची फिकीर नव्हती. तरी ज्याला मालक बेशिस्त म्हणत होते, त्या जाण्यायेण्यानेच मुंबईतल्या कलांना दरवर्षी नवे पाणी मिळत होते.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. अण्णाभाऊंची लोकनाट्ये, अमर शेखांचा पहाडी आवाज, गवाणकरांची पदे हे सगळे कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारासाठी होते. त्यात माणसाला स्वतःचे काही गवसले, असे कसे म्हणावे? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पक्षाला प्रचार हवा होता हे उघड आहे. पण वाटेगावच्या अण्णाभाऊंसारख्या, शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या आणि मुंबईत मिळेल ते काम केलेल्या तरुणाला आपण ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहू शकतो, पुढे कथा आणि कादंबऱ्या लिहू शकतो, हे पक्षाच्या ठरावाने कळले नाही. पक्षाने मंच दिला, गर्दी दिली, काही पुस्तके दिली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि कलापथकाचीही अडवणूक केली, तेव्हा ही मंडळी नाव आणि रूप बदलून पुन्हा उभी राहिली. प्रचारासाठी पदरी ठेवलेला माणूस इतका हट्टी नसतो. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची लावणी आहे हे खरेच, पण घरधनीण गावाकडे ठेवून आलेल्या लाखो पुरुषांना ती आपली वाटली ती राजकारणाच्याही आधी. नारायण सुर्वे यांचेही तसेच. रस्त्यावर सापडलेले मूल गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी वाढवले. नारायण गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ मध्ये त्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह आला. चळवळीने त्यांना विषय दिला असेल, पण तो बोलका, थेट अंगावर येणारा स्वर त्यांनी स्वतः कमावला. खरे तर या मोठ्या नावांवर फार विसंबूही नये. ज्यांची नावे कोशात गेली त्यांच्यामुळे गिरणगाव थोर ठरत नाही. ज्या पखवाजवाल्याचे नाव शिवडीच्या दोन चाळींपलीकडे कुणाला ठाऊक नव्हते आणि ज्याला तेवढे पुरत होते, तो माझ्या म्हणण्याचा खरा आधार आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांच्या आठवणी नोंदवून २००४ मध्ये पुस्तक केले. त्यात संप आणि युनियन यांच्याइतक्याच आत्मीयतेने लोक आपल्या मंडळांबद्दल, नाटकांबद्दल आणि मैदानांबद्दल बोलतात.

आता या चित्राची काळी बाजू, जी टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हे सगळे बहुतांशी पुरुषांचे जग होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता, मुख्यतः कांडीखात्यात आणि रीळखात्यात. पुढे तो घटत गेला. गिरणी सुटल्यावर पुरुषाची तालीम सुरू होई आणि बाईची दुसरी पाळी. खानावळवाल्या बाया रोज वीस-पंचवीस जणांच्या भाकऱ्या थापत. भजनी बुवा वेळेवर जेवून बारीला जाऊ शकत होता तो त्यांच्या जिवावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवायला घेतले, तेव्हा त्यांचे श्रम पहिल्यांदा श्रम म्हणून मोजले गेले. बायकांचा गुण वाया गेला असे सरसकट म्हणता येत नाही, पण तो बाहेर पडला तो बहुधा दुसऱ्या दाराने. १८९० च्या सभेत बोलणाऱ्या त्या दोघी किंवा संपाच्या काळात मोर्चे बांधणाऱ्या पार्वतीबाई भोर यांना आपली वाणी मंडळात नाही, लढ्यात सापडली. जातीचेही असेच. धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, या सबबीवर दलितांना विणकाम खात्यात, म्हणजे जास्त पगाराच्या कामावर, घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. चाळीही जातवार होत्या. आंबेडकरी जलसे वेगळे उभे राहिले ते केवळ विचार वेगळा म्हणून नाही, इतरांच्या मंचावर जागा नव्हती म्हणूनही. या उणिवांनी माझे म्हणणे कोसळत नाही, उलट पक्के होते. ठरलेली सुटी, कामाची खात्री आणि पारखणारी मंडळी या तीन गोष्टी ज्यांना मिळाल्या त्यांचा गुण फुलला. ज्यांना त्यातली एखादी नाकारली गेली, त्यांना तेवढाच जास्त झगडा करावा लागला.

गिरणगावातला माणूस ग्राहक नव्हता, असेही कुणी समजू नये. लालबागच्या हनुमान थिएटरात तिकीट काढून तो बारी पाहत होता, भारतमाता चित्रपटगृहात रांग लावत होता, पगाराच्या दिवशी उधळपट्टीही करत होता, आणि पठाणाचे व्याज भरता भरता मेटाकुटीला येत होता. फरक होता तो पाहणारा आणि करणारा यांच्यातल्या अंतरात. हनुमान थिएटरात शिट्टी मारणारा प्रेक्षक आठवड्याने आपल्या मंडळाच्या वगात मावशी होऊन उभा राही, आणि आदल्या बारीतली एखादी लकब त्यात उचललेली असे. विकत घेतलेली करमणूक त्याच्या हातच्या कलेला खतपाणी घालत होती. आज आपण ज्याला उपभोगवाद म्हणतो त्याचे लक्षण खरेदी हे नाहीच. पाहिलेल्या, विकत घेतलेल्या गोष्टीतून पुढे काहीही करून पाहावेसे न वाटणे, हे त्याचे लक्षण आहे.

या सगळ्या युक्तिवादाची खरी कसोटी १९८२ मध्ये लागली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, आणि हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. नोकरीच्या चाकोरीतून सुटलेला माणूस स्वतःला शोधतो, हे गृहीत खरे असते तर १९८३ पासूनची दहा वर्षे गिरणगावाच्या कलांचा सुवर्णकाळ ठरायला हवी होती. वेळच वेळ होता, हातात कसब होते, मंडळे जिवंत होती. झाले उलट. अनेकजण गावी परतले आणि गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या किंवा विकल्या गेल्या. जे राहिले त्यांतल्या कुणी भाजीची गाडी लावली, कुणी बारा-बारा तासांची सुरक्षारक्षकाची ड्यूटी पत्करली, तीही रविवार नक्की नसलेली. म्हणजे काहींचा वेळ पुन्हा १८९० च्या आधीसारखा बेहद्द झाला, आणि काहींना वेळ उरला पण तो खायला उठणारा. कर्ज अंगावर असताना, मुलाच्या शाळेची फी थकलेली असताना, चारचौघांत बसून गजर धरणे अवघड असते. तिथे माणूस आपल्या नादारीसह दिसतो. तोच ओळखीचा श्रोता, जो गुण पारखत होता, आता परिस्थिती पारखू लागतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात या कुचंबणेचे घरातले रूप आले आहे. बाहेरचे रूप असे, की टाळ होते, पेटी होती, वेळही होता, पण एका वेळी दहा माणसे जमेनात.

मग जमिनीचा निकाल लागला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा दुसरा वापर करण्याची वाट काढली आणि २००१ च्या बदलाने ती मालकांसाठी आणखी रुंद झाली. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला, कमला मिलमध्ये कार्यालये आणि उपाहारगृहे आली. जिथे कापड बनत होते तिथे तयार कपडे विकायला आले, याची खंत बरेचजण करतात. माझ्या मते त्याहून खोल बदल उत्सवांत झाला. एकेकाळी गणेशोत्सवाचे दहा दिवस म्हणजे मेळे, नाटुकली, भजने आणि वक्तृत्व यांची वर्षाची परीक्षा होती. मंडपात मूर्तीइतकाच महत्त्वाचा होता तो समोरचा मंच. आता लालबागच्या उत्सवाची ओळख म्हणजे दर्शनाची तासन्‌तास चालणारी रांग. लाखो लोक येतात, श्रद्धेने येतात, पण ते येतात ते पाहायला. आयोजन करणाऱ्या कार्यकर्त्यांचे कसब मोठे आहे हे मान्य करूनही म्हणावे लागते, की त्या गर्दीत पहिल्यांदा गाऊन पाहणाऱ्या पोराला जागा उरलेली नाही. २०२३ मध्ये दामोदर नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले तेव्हा रंगकर्मींनी आवाज उठवला. मराठी नाटकाचे एक सभागृह जाते आहे ही त्यांची तक्रार योग्यच होती. पण नोकरी सांभाळून हौसेने नाटक करणाऱ्यांना परवडणारी, चालत जाता येईल अशी जागा जाते आहे, हे त्यातले जास्त मोठे नुकसान होते. म्हाडाने २०१२ पासून गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या. वर्षानुवर्षे लढून मिळवलेला तो हक्क होता. पण सोडतीत शेजारी निवडता येत नाही. चार चाळींतली भजनाची बारी चार वेगवेगळ्या इमारतींत वाटली गेली की ती पुन्हा जुळवायला आणखी एक पिढी लागते.

गिरणगावातून उठलेली आणि त्यांच्यासारखीच इतर हजारो कुटुंबे विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर इथे गेली. तिथून रोज मुंबईत येणाऱ्या नोकरदारांनी लोकलच्या डब्यात भजनी मंडळे जमवली. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ, मृदंग, आणि उभ्याउभ्या म्हटलेले अभंग. इतर प्रवाशांच्या तक्रारी होतात आणि त्या खोट्या नसतात, कारण गर्दीत कानाशी टाळ वाजला की कुणाचीही भक्ती आटते. तरी काम आणि घर यांच्यामधला तो एक तास कुणी विकत न घेता, कुणाला न विकता आपल्या गळ्यासाठी वापरतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ही मंडळे कुणाची टिकतात? ज्यांची हजेरीची वेळ ठरलेली आहे त्यांची, म्हणजे सरकारी कचेऱ्या, बँका, जुने कारखाने आणि महापालिका इथल्या कायम नोकरदारांची. कंत्राटावर आलेल्या, आज सकाळची तर उद्या रात्रीची पाळी असलेल्या तरुणाला ती गाडी रोज मिळत नाही. मोबाइलवरच्या ऑर्डरीमागे स्कूटर पळवणाऱ्याला तर गाडीही नाही आणि रविवारही नाही, कारण रविवारीच ऑर्डरी जास्त असतात. त्याला कुणी छंदाचे महत्त्व पटवून देऊ लागले तर तो हसेल. त्याच्या कामाचा दिवस कुठे संपतो हे ठरवण्याचा अधिकार आज त्याच्याकडे नाही, आणि त्यासाठी परळला सभा भरवून साडेपाच हजार सह्या गोळा करणारे कुणी अजून तरी पुढे आलेले दिसत नाही.